श्यामलालचे चार फोन

श्यामलाल आमच्या कारखान्याच्या गेटवर बारा वर्षे होता. या बारा वर्षांत तो कामावर किती वेळा उशिरा आला, ते मी हजेरीपटावरून सांगू शकतो. दोनदा. एकदा वैनगंगेच्या पुराने रस्ता बंद होता आणि एकदा त्याला मुलगी झाली होती. अशा माणसाला मी एका कागदाच्या आधाराने खोटा ठरवले. कागदावरचा एकही आकडा चुकलेला नव्हता. माझी बेरीजही बरोबर होती. तरी जे झाले ते झाले, आणि पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होण्यापूर्वी ते लिहून ठेवावे असे वाटते.

आमचा कारखाना शहापूरच्या पुढे, हायवेला लागून. धानाच्या कोंड्यातून तेल काढण्याचे काम चालते. मी तिथे कार्यालय अधीक्षक. श्यामलाल तीन मैलांवरच्या तलावकाठच्या गावचा, ढिवराच्या घरचा. वडिलांबरोबर जाळे ओढत वाढलेला, चौथीपर्यंत शिकलेला. गेटवर लागला तेव्हा फोनला हात लावायला घाबरायचा. पुढे इतका सरावला की घंटी वाजली की कडक आवाजात म्हणायचा, "हॅलो, गेट बोलून राहिलो."

मॅनेजरसाहेब एकदा हसून म्हणाले, "अरे, गेट कधी बोलते का?"

"आपल्या कारखान्यातलं बोलते साहेब. उघडतेबी अन् बोलतेबी."

सप्टेंबर सत्याऐंशीपर्यंत आमच्याकडे दोऱ्यांचा जुना टेलिफोन बोर्ड होता. त्यावर निर्मलाबाई बसायच्या. बाहेर जाणारा प्रत्येक फोन त्या लावून द्यायच्या आणि रजिस्टरात लिहायच्या: तारीख, वेळ, कोणी मागितला, कुठला नंबर, किती मिनिटे, आणि शेवटी शेरा. मग इलेक्ट्रॉनिक बोर्ड आला. तोही निर्मलाबाईच सांभाळायच्या. चोवीस खोल्यांत चोवीस फोन, प्रत्येकाला अकरापासून पुढे आपला नंबर. शून्य फिरवले की बाहेरची लाइन मिळायची. बोर्डाला जोडून एक छोटा प्रिंटर होता. कोणी बाहेर फोन केला की तो करकर आवाज करत एक ओळ छापायचा. कोणत्या खोलीतून, कोणत्या नंबरला, किती वाजता, किती वेळ.

रोज सकाळी आदल्या दिवसाची ती पट्टी माझ्या टेबलावर यायची. प्रत्येक खोलीच्या ओळी वेगळ्या करायच्या, वेळेची बेरीज करायची आणि गोषवारा साहेबांकडे पाठवायचा, हे काम माझे. मला ते आवडायचे. माणूस विसरतो, सारवासारव करतो. ही पट्टी दोन्ही करत नाही, असे मी चारचौघांत म्हणतही असे.

रविवार, तेरा डिसेंबर सत्याऐंशी. कारखाना बंद होता, पण मशिनी साफ करायला पाच-सहा माणसे आली होती. त्यांत बुधराम होता. वय बावीस, श्यामलालच्याच गावचा. बाप नव्हता, आई बायाबाई तलावावर मासोळी विकून घर चालवायची. श्यामलालनेच साहेबांच्या मागे लागून त्याला कामाला लावले होते. दुपारी पावणेचारच्या सुमारास कोंडा पुढे सरकवणाऱ्या स्क्रूमध्ये बुधरामचा हात खांद्यापर्यंत ओढला गेला. लोकांनी स्विच बंद केला, त्याला बाहेर काढले, दुपट्टे बांधले. रक्त थांबत नव्हते. कारखान्याची जीप साहेबांबरोबर नागपूरला गेलेली.

गेटच्या भिंतीवर एक सूचना चिकटवलेली होती. अपघात झाल्यास प्रथम कंपनीच्या डॉक्टरांना त्यांच्या घरी २२६४ वर कळवावे आणि त्यांच्या सूचनेप्रमाणेच करावे. ती मी टाइप करून घेतली होती. खाली सही माझी होती. श्यामलालने त्याप्रमाणे केले. मग तो हायवेवर धावत गेला, धानाच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकपुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि बुधरामला पोत्यांवर घालून भंडाऱ्याकडे निघाला. सरकारी दवाखाना अर्धा मैल राहिला असताना बुधराम गेला.

सायंकाळी मी दवाखान्यात पोचलो. डॉक्टरसाहेबही आले होते. पायरीवर उभे राहून ते मला म्हणाले, "मला कोणी कळवलंच नाही हो."

सोमवारी सकाळी पट्टी टेबलावर आली. रविवारच्या चारच ओळी. चारही गेटवरून, म्हणजे एकतीस नंबरवरून. चारही २२६४ ला. मी बेरीज केली. आठ मिनिटे अठरा सेकंद.

मला धक्का बसला. आठ मिनिटे हा माणूस डॉक्टरांशी बोलला, आणि डॉक्टर म्हणतात कळवलेच नाही? मंगळवारी मीच डॉक्टरांना फोन केला. म्हणालो, "साहेब, आमच्या कागदावर आठ मिनिटांचं बोलणं दिसतंय." ते म्हणाले, "पाहतो. लिहून पाठवतो." दुपारी त्यांचे पत्र आले. श्यामलालने फोन केला होता, एका कामगाराला किरकोळ खरचटले आहे असे सांगितले आणि नंतर इकडच्यातिकडच्या गोष्टी केल्या, सबब तातडीने येण्याची गरज वाटली नाही.

रविवारचे बोलणे आणि हे पत्र जुळत नव्हते, हे माझ्या लक्षात आले होते. पण पत्र कागदाशी जुळत होते. मी ते फाइलला लावले.

बुधवारी साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. श्यामलाल टोपी हातात घेऊन उभा होता.

"डॉक्टरसाहेबांना फोन केला होतास?" साहेबांनी विचारले.

"केला ना साहेब. चार डाव केला."

"काय बोललास?"

"बोलाले कोणी उचलला त पायजे. घंटीच वाजून राहिली होती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी पट्टी वाचून दाखवली, बेरीज सांगितली.

"आठ मिनिटं अठरा सेकंद तू नुसती घंटी ऐकत होतास?"

"मोजलं नाई साहेब."

मी म्हणालो, "श्यामलाल, मशीनचं तुझ्याशी काय वैर आहे? कागद खोटा बोलेल का?"

"कागद खोटा नसन, बाबूजी. पन मीबी खोटा नाई."

"दोघंही खरे कसे असतील रे?" साहेब म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिले. मी काहीतरी सांगेन अशी त्याची अपेक्षा असावी. बारा वर्षे त्याच्या हजेरीवर मीच खुणा करत होतो. मी पट्टीची घडी घातली. त्याच दिवशी त्याला कामावरून कमी केल्याचे पत्र टाइप झाले.

नोकरी गेली एवढेच असते तर श्यामलालने कुठेही मजुरी केली असती. पण आठ मिनिटांची गोष्ट गावात पोचली. फेब्रुवारीत शहापूरच्या बाजारात मला त्याची बायको सखाबाई दिसली. पुढे टोपलीत मासोळी होती. मी नजर चुकवून पुढे जात होतो.

"या ना बाबूजी, मासोळी घ्या," ती मोठ्याने म्हणाली. "कापून देतो. आठ मिनिटं अठरा सेकंद लागतीन. चालन ना?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मी थांबलो. विचारले, "तुमच्या तलावाची का?"

"आमच्या तलावाची कायची? भंडाऱ्याहून इकत आनली. तलावातला आमचा वाटा बंद झाला. बायाबाई म्हनते, माझा पोरगा रगतात पडला होता अन् हा फोनवर गोष्टी सांगून राहिला होता. मंग कोन आमच्यासंग जाळं टाकन? बिडीले आग देत नाई कोनी त्याले." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुमाले त हिसाब येते बाबूजी. तुमीच सांगा, कोनी आपल्याच गावच्या पोराले असं करन का?"

मी दीड किलो मासोळी घेतली. आमच्या घरी मासोळी चालत नाही. वाटेत एका ओळखीच्याला देऊन टाकली.

एप्रिलची अकरा तारीख. बायकोला, सुलोचनाला, दोन दिवस ताप होता. औषध घेतले की नाही ते विचारायला मी अकरा वाजून वीस मिनिटांनी ऑफिसातून घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली. ताप चढून ती पडली की काय, या धास्तीने मी रिसीव्हर ठेवलाच नाही. शेवटी लाइन आपोआप तुटली. घाईने घरी गेलो तर दाराला कुलूप. ताप उतरला म्हणून बाईसाहेब शेजारच्या पार्वताबाईंच्या गच्चीवर कुरडया घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी आली. मी नेहमीप्रमाणे खुणा करत होतो. चौदा नंबर, म्हणजे माझा फोन. माझ्या घरचा नंबर. वेळ अकरा वीस. कालावधी दोन मिनिटे पाच सेकंद.

मी ती ओळ तीनदा वाचली. मी बोललो कोणाशी? घराला कुलूप होते. कुलपाच्या आत फोन वाजत होता आणि कागद म्हणत होता की दोन मिनिटे पाच सेकंद फोन चालला.

मी उठून निर्मलाबाईंच्या खोलीत गेलो. विचारले, "पलीकडे कोणी उचललाच नाही, तरी ही मशीन वेळ छापते का?"

"छापते ना, बाबूजी," त्या सहज म्हणाल्या. "नंबर फिरवून झाला की मोजायला लागते. तिकडं उचलला का नाही, तिला काय माहीत?"

"हे तुम्हाला केव्हापासून ठाऊक आहे?"

"पहिल्याच आठवड्यापासून. जुन्या रजिस्टरात मी शेऱ्यात 'उत्तर नाही' लिहीत होते. हिच्यात शेऱ्याचा रकानाच नाही."

"मग श्यामलालच्या वेळी बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला असावा, कारण त्या खुर्चीतून उठल्या.

"मला कोणी विचारलं? आणि डॉक्टरसाहेबांनीच लिहून दिलं म्हणे, बोलणं झालं म्हणून. मग झालंच असेल, असं मला वाटलं."

म्हणजे निर्मलाबाईंनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला. डॉक्टर काय म्हणतात ते मी कागदाशी ताडून पाहिले. आणि ते पत्र लिहिण्यापूर्वी, कागदावर काय आहे, ते डॉक्टरांना मीच सांगितले होते.

मी कपाट उघडून डिसेंबरची पट्टी काढली. आजवर मी तिच्यातली बेरीजच पाहिली होती. त्या दिवशी चार ओळी प्रथमच वेगवेगळ्या वाचल्या. दोन मिनिटे पाच. दोन मिनिटे चार. दोन मिनिटे पाच. दोन मिनिटे चार. मध्ये दहा-बारा सेकंदांचे अंतर, नंबर फिरवण्यापुरते. कोणती माणसे एकमेकांशी चारदा बोलतात, आणि चारही वेळा तेवढेच? बोलणे कधी अर्ध्या मिनिटात आटपते, कधी लांबते. सारखे लांबते ते फक्त न उचललेले वाजणे, कारण ते तोडणारे माणूस नसते. चार आकडे माझ्यासमोर चार महिने होते. मी त्यांचा एक आकडा करून ठेवला होता.

तरी मी खात्री करून घेतली. तीन दिवस सुलोचनाला फोन उचलू नको म्हणून सांगितले आणि गेटवरून घरी फोन लावला. दोन मिनिटे चार, दोन मिनिटे पाच, दोन मिनिटे पाच.

साहेबांपुढे दोन्ही पट्ट्या ठेवल्या. त्यांना समजायला वेळ लागला नाही. मग ते म्हणाले, "चार महिन्यांनी हे उकरून काय करायचं?"

"त्या गोषवाऱ्यावर माझी सही आहे," मी म्हणालो. "मला ती मागे घ्यायची आहे."

डॉक्टरांना बोलावले. त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलेही नाही.

"तुम्हीच ना फोन करून सांगितलं, आठ मिनिटं बोलणं झालंय म्हणून?" ते मला म्हणाले. "मशीनवर आहे म्हणालात. मी म्हटलं, झालं असेल. दिवसाकाठी किती फोन येतात."

"पण त्या रविवारी दुपारी तुम्ही घरी होता का?"

"पाहुणे आले होते. नागझिऱ्याला नेलं होतं त्यांना. सकाळी निघालो, दिवस मावळता परत आलो."

"मग 'किरकोळ खरचटलं आहे' हे तुम्हाला कोण म्हणालं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. मी या गृहस्थाला नऊ वर्षे ओळखत होतो. माझ्या मुलीचा टायफॉइड त्यांनी बरा केला होता. ते खोटे बोलण्याच्या इराद्याने बसले होते, असे मला आजही म्हणता येत नाही. त्यांना एक रिकामी जागा दाखवली आणि त्यांनी ती भरली. ते इतके सहज झाले.

डॉक्टरांचे काम कंपनीने काढून घेतले. भिंतीवरची सूचना मी स्वतः फाडली. श्यामलालला परत घेत असल्याचे पत्र घेऊन मी रविवारी सकाळी त्याच्या गावी गेलो. तो अंगणात जाळे विणत बसला होता. मी पत्र वाचून दाखवले, चुकलो म्हणालो. सखाबाईने दारात येऊन तोंडाला पदर लावला. श्यामलाल मात्र जाळ्याच्या गाठीकडेच पाहत होता.

"नोकरीचं मंग पाहू, बाबूजी," तो म्हणाला. "पयले बायाकाकीले सांगा. माझं ती आयकत नाई."

तो माझ्यापुढे चालू लागला. तलाव एप्रिलमुळे अर्ध्यावर आला होता. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सकाळची मासोळी ओतून वाटे घालणे चालले होते, घरटी एक वाटा. श्यामलालला पाहून बोलणे थांबले. तो पंधरा पावले अलीकडेच उभा राहिला. तिथवरच येण्याची त्याला सवय झाली असावी. बायाबाई एका वाट्याजवळ बसली होती. वाळलेली, लहानशी बाई. मी तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि पट्टी उलगडली. मग लक्षात आले की ती दाखवण्यात अर्थ नाही.

"बायाबाई, समजा एक माणूस कोणाच्या दारावर गेला," मी म्हणालो. "कडी वाजवली. आत कोणी नाही. तरी तो वाजवत राहिला. असा चारदा वाजवत राहिला. तो दारात जेवढा वेळ उभा होता, तेवढा वेळ या कागदात लिहिला आहे. मी समजलो की तो तेवढा वेळ आत बसून बोलला. माझी चूक झाली. श्यामलाल कोणाशीच बोलला नाही."

तिने कागदाकडे पाहिले.

"म्हंजे आतमंदी कोनीच नोहोता?"

"कोणीच नव्हतं."

"मले वाटे, डॉक्टरनं आयकलं त होतं." ती म्हणाली. "आयकलं अन् आला नाई. कोनीच नोहोता?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती वळली आणि पंधरा पावलांवरच्या श्यामलालला म्हणाली, "मंग चार डाव काहून केला गा? एका डावात नाई उचलला त तवाच ट्रक काहून नाई थांबवला?"

"हुकूम होता काकी," तो म्हणाला. "पयले डॉक्टरले सांगाचं, मंग दुसरं. भिंतीवर लिहून होता."

"कोनाचा हुकूम?"

श्यामलालने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"माझा," मी म्हणालो.

बायाबाई मला काही म्हणेल, शिव्या देईल, म्हणून मी तसाच बसून राहिलो. ती वाटे घालणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहून म्हणाली, "श्यामलालचा वाटा घाल गा."

वाटे घालून झाले होते. म्हाताऱ्याने प्रत्येक वाट्यातून एकेक मासोळी उचलायला सुरुवात केली. पहिली त्याने बायाबाईच्या वाट्यातून उचलली. श्यामलाल ती पंधरा पावले चालून आला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बसला.

मी उठलो. मला कोणी थांबा म्हणाले नाही. दोन पावले गेलो असेन, तोच बायाबाईने हाक मारली.

"बाबूजी, घंटी वाजते तवा तिकडच्या घरात आवाज होते ना?"

"होतो."

"जोरानं?"

"हो. जोराने."

"मंग शेजारच्यायले आयकू गेली असन," ती म्हणाली. "आठ मिनिटं."

डॉक्टरांचे घर भर वस्तीत आहे. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून घरे आहेत, आणि रविवारी दुपारी माणसे घरीच असतात. त्यांना एकदा विचारावे, हे चार महिन्यांत माझ्या मनात एकदाही आले नव्हते. मी हो म्हणालो.